दगड-विटांचं जुनं घर भूकंपासाठी मजबूत करताना: कामाचा क्रम कुठे चुकतो आणि तो कसा लावायचा

पुण्याच्या पेठेतल्या जुन्या घराला भेग दिसली की घरात पहिल्यांदा येतो तो गिलावा करणारा गवंडी. भेग बुजते, रंग लागतो आणि घर "मजबूत झालं" असं सगळे मानतात. कुणी त्याही पुढे जाऊन कौलं काढतात आणि मातीत बांधलेल्या भिंतींवर आरसीसी स्लॅब ओततात. कुणी चार कोपऱ्यांत चार कॉलम उभे करतात, पण भिंतींना ते कुठेच जोडलेले नसतात. तिन्ही प्रकारांत पैसे जातात. स्लॅबच्या प्रकारात तर घर आधीपेक्षा धोकादायक होतं.

दगड-विटांचं घर भूकंपात पडतं तेव्हा बहुतेक वेळा भिंती आधी एकमेकींपासून आणि छपरापासून सुटतात, मग एकेकटी भिंत बाहेरच्या बाजूला कलंडते. मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा झाकण लावून दाबून बघा, मग झाकण काढून दाबा. फरक हाताला कळतो. तेव्हा घराचं झाकण आणि कोपरे जोडणं हेच मुख्य काम आहे. बाकीची कामं त्याच्या आधीची तयारी किंवा नंतरची आवराआवर.

हा लेख भिंतींवर उभ्या असलेल्या एक ते तीन मजली घरांसाठी आहे: वाडे, डेक्कन-प्रभात रस्त्याकडचे जुने बंगले, साठ-सत्तरच्या दशकातल्या विटांच्या सोसायट्या. आरसीसी सांगाड्याच्या इमारतींचं गणित वेगळं. आकडेमोड स्ट्रक्चरल इंजिनियरनेच करायची. त्याच्याकडून अहवाल घेताना आयएस १३९३५ (२००९) आणि आयएस ४३२६ (२०१३) या मानकांप्रमाणे तपासणी केली आहे का, हे लेखी मागा. मातीत बांधलेल्या दगडी भिंती असतील तर आयएस १३८२८ (१९९३) हेही.

"पुणे झोन ३ मध्ये, मग एवढं कशाला?" हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. आयएस १८९३ या भूकंप-मानकाच्या २०१६ च्या नकाशात पुणे झोन ३ मध्ये आहे हे खरं (झोनचा आकडा मोठा तितका धोका जास्त). पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झालं, तेव्हा तो भाग त्या वेळच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. आणि २०१६ च्या नकाशात झोन ४ मध्ये असलेलं कोयनानगर पुण्यापासून हवाई अंतराने साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे.

## १. घर कशाचं आहे ते आधी ठरवा

गिलाव्याआड काय आहे हे मालकालाही नक्की माहीत नसतं. तळमजल्यावर दगड, वर वीट, मागच्या बाजूला नंतर वाढवलेली सिमेंटची खोली, असं मिश्रण पुण्यात सर्रास. म्हणून प्रत्येक मजल्यावर किमान तीन ठिकाणी फूटभर चौरस गिलावा काढा. एक जागा कोपऱ्याजवळची, एक खिडकीजवळची आणि एक भिंतीच्या मध्यावरची घ्या.

सांध्यात जाड खिळा फिरवा. भुकटी होऊन माल बाहेर आला तर माती. पांढरट, चिवट आणि कष्टाने खरवडला जाणारा माल म्हणजे चुना. नुसताच ओरखडा उठला तर सिमेंट. पुढची प्रत्येक गोष्ट, अगदी भेगेत काय भरायचं इथपर्यंत, या खिळ्याच्या उत्तरावर ठरते.

वाडा असेल तर भिंतीत लाकडी खांब आणि तुळया आहेत का ते शोधा. असतील तर वजन बरंचसं लाकूड पेलतं आणि वीट त्या चौकटीत फक्त भरलेली असते. ही चौकट धड असेल तर तिच्यासारखा आधार नाही. ती कुजते खांबाच्या पायाशी. दर पिढीत फरशीवर फरशी चढते, तळखडा (खांबाखालचा दगड) जमिनीखाली जातो आणि लाकडाचं टोक ओलीत बसतं. वरून खांब सागवानी, तुळतुळीत. स्क्रू-ड्रायव्हर पायाशी टोचला तर मूठभर आत जातो.

तपासा: प्रत्येक खांबाच्या पायाशी फरशी उकरून तळखडा उघडा दिसला पाहिजे. तो दिसत नाही तोवर "खांब चांगले आहेत" असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका.

## २. भेगांचा नकाशा काढा, पावसाळ्यातच

तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये करा आणि काम नोव्हेंबरनंतर काढा. पावसात गळती, ओल, फुगलेला गिलावा सगळं आपोआप दिसतं. मेमध्ये तेच घर निरोगी वाटतं. मातीतल्या भिंती पावसाळ्यानंतर वाळायला वेळ घेतात, म्हणून दिवाळीच्या आधी काम सुरू करायची घाई करू नका आणि मेअखेर वरचं काम बंद होईल अशी आखणी ठेवा.

प्रत्येक भिंतीचं साधं चित्र काढून भेगा त्यावर उतरवा. त्या अशा वाचायच्या:

- कोपऱ्यात उभी भेग, वर रुंद आणि खाली निमुळती: दोन भिंती एकमेकींपासून सुटत आहेत. सगळ्यात गंभीर.
- खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली: पाया खचणं, किंवा उघडी (दारं-खिडक्यांच्या मोकळ्या जागा) जास्त असल्याने भिंतीवर ताण.
- स्लॅबच्या लगेच खाली आडवी: बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची. पण तिचा अर्थ स्लॅब भिंतीला धरून नाही, असाही होतो.
- भेग नाही, पण भिंतीला पोट आलेलं: दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे पदर वेगळे होत आहेत. मूठ आपटली की भद्द आवाज येतो.

भेग चालू आहे की जुनी निवांत आहे, हे डोळ्यांना कळत नाही. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर भेग चालू आहे आणि दुरुस्तीच्या आधी कारण शोधलं पाहिजे.

सावधान: शेजारचा वाडा पाडून तळघराची खोदाई चालू असेल तर मजबुतीचं काम सुरूच करू नका. सामायिक भिंत उघडी पडली की तिचा एका बाजूचा आधार गेलेला असतो, वरून पावसाचं पाणी थेट तिच्या मातीत शिरतं. आधी त्या भिंतीला बाहेरून टेकू आणि वरून झाकण हवं. ही जबाबदारी कोणाची, ते शेजाऱ्याकडून लेखी ठरवून घ्या.

## ३. कागद

महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल, दुरुस्तीची परवानगी आणि घर वारसा यादीत असेल तर हेरिटेज विभागाची मंजुरी. वाड्यात भाडेकरू असतील तर त्यांना अहवालाची प्रत द्या आणि त्यांच्या खोल्यांत काम केव्हा होणार ते लिहून सांगा. दुरुस्तीच्या नावाखाली घर रिकामं करून घेतात, ही भीती पेठांत खोटी नाही. ती दूर झाली नाही तर अर्ध्या खोल्यांत काम होतं आणि अर्ध्या तशाच राहतात, आणि अर्ध्या घराला बांधलेला भूकंपपट्टा (टप्पा ८) उपयोगाचा नसतो.

## ४. पाणी थांबवा, वजन उतरवा

भूकंपाचा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात येतो. म्हणून वजन कमी करणं ही सगळ्यात स्वस्त मजबुती, आणि तीच कुणी करत नाही.

वाड्याच्या माडीवर कडीपाटावर (लाकडी तुळया-फळ्यांच्या तक्तपोशीवर) मातीचा भराव असतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीत चार इंच माती म्हणजे जवळपास पावणेदोन टन. त्यावर पिढ्यान्पिढ्या चढलेल्या फरश्या वेगळ्या. हा भराव काढून वर फळ्या किंवा हलकं आवरण घातलं की तुळया, खांब आणि भिंती सगळ्यांना श्वास मिळतो. गच्चीवरची १००० लिटरची टाकी म्हणजे एक टन. ती तुळईच्या मध्यावर असेल तर आधी खाली आणा.

भराव काढताना एकाच खोलीतला सगळा काढून शेजारची भरलेली ठेवू नका. थर-थर, सगळ्या खोल्यांतून समान उतरवा. काढलेली माती माडीवरच एका कोपऱ्यात रचून ठेवायची सवय मजुरांना असते. ती रोजच्या रोज खाली गेलीच पाहिजे.

पाण्याचं काम याच टप्प्यावर: पन्हळी, फुटकी कौलं, भिंतीतून जाणारे जुने नळ, न्हाणीघराचा निचरा, जोत्याभोवतीचा उतार. ओली मातीची भिंत कितीही लोखंड लावून उभी राहत नाही.

तपासा: एका खोलीत भिंतीवर बादलीभर पाणी टाकून ते कुठून बाहेर येतं हे बघू नका, तेवढ्याने माती धुपते. छपरावर पाणी सोडा आणि खाली डाग बघा.

## ५. टेकू

आधार दिल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. लोखंडी जॅक माडीच्या तुळयांखाली लावले तर त्यांच्या बरोबर खाली तळमजल्यावरही जॅक हवेत, नाहीतर वरचं वजन खालच्या तुळईच्या मध्यावर येतं. जॅकखाली जाड फळी टाका. पोट आलेल्या भिंतीला बाहेरून तिरके वासे लावा.

## ६. भिंत आतून एकसंध करा

इथे घाई झाली की अपघात होतो, म्हणून सविस्तर.

जुनी दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण बऱ्याचदा ती दोन पातळ भिंती असतात, मध्ये चिपा आणि मातीची भर. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्याने मधली भर खाली बसते, पाचरीसारखी पदरांना ढकलते आणि बाहेरचा पदर गळून पडतो. किल्लारीत अशाच जाड, आरपार दगड नसलेल्या भिंती जड धाब्यांसकट माणसांवर पडल्या.

नारायण पेठेतल्या एका वाड्यात मागच्या भिंतीचा सैल दगड आम्ही काढला, तेव्हा आत कोपरापर्यंत हात गेला. बोटांना दगड लागला नाही, कोरडी माती पिठासारखी मनगटावरून घरंगळत राहिली. त्याच भिंतीला दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा गुळगुळीत गिलावा झाला होता.

आरपार जोड बसवायची पद्धत:

१) साधारण १ मीटर आडव्या आणि १ मीटर उभ्या अंतरावर जागा आखा. वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा अर्ध्या मीटरने सरकवलेली.

२) प्रत्येक जागी आजूबाजूचा माल खरवडून एकच दगड हळूच सैल करून काढा. घण नको, ब्रेकर मशीन तर अजिबात नको.

३) सळईने माती-चिपा हळूहळू काढत दुसऱ्या पदरापर्यंत जा, मग पलीकडचा दगड काढा. भोक साधारण ७५ मिलिमीटरचं पुरतं. दोन्ही तोंडांशी ते मधल्यापेक्षा मोठं असावं, म्हणजे भरलेलं काँक्रीट डंबेलसारखं अडकून बसतं. भोक थोडं तिरकं गेलं तरी चालतं.

४) दोन्ही बाजूंनी १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट अर्ध्या उंचीपर्यंत भरा, दोन्ही टोकांना आकडे असलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवा, मग भोक पूर्ण भरा. दोन्ही तोंडांवर किमान १० दिवस पाणी शिंपडा.

सावधान: एका वेळी एका भिंतीत लागून दोन भोकं उघडी नकोत. माझ्या देखरेखीतल्या एका कामावर मुकादमाने वेळ वाचवायला सकाळीच एका ओळीतली सहा भोकं काढून ठेवली. दुपारी बाहेरचा पदर दोन मीटर लांबीत सरकला. टेकू होते म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून मी रोज भिंतीवर खडूने त्या दिवशीची भोकं स्वतः खुणावल्याशिवाय साइट सोडत नाही.

भेगा याच टप्प्यावर भराव्यात. विटांच्या सिमेंट किंवा चुन्याच्या भिंतीत बारीक भेग असेल तर गिलावा काढा, भेगेत छोट्या नळ्या बसवा आणि मधली भेग वरून मालाने बंद करा. आधी पाणी सोडून आतली धूळ धुवा, मग सगळ्यात खालच्या नळीतून ग्राऊट (सिमेंट-पाण्याचं मिश्रण) भरायला सुरुवात करा. वरच्या नळीतून ते बाहेर आलं की खालची बंद करून वर सरका. उलट, वरून खाली भरलं तर आत हवा अडकते. दाब कमीच ठेवा. ५ मिलिमीटरपेक्षा रुंद भेगा ग्राऊटने भरत नाहीत. तिथे सैल विटा काढून घट्ट मालात परत बांधायच्या आणि भेगेवर दोन्ही बाजूंनी जाळी लावायची.

मातीच्या भिंतीत पाण्यासारखं पातळ सिमेंट ग्राऊट सोडू नका. पाणी माती विरघळवतं आणि सिमेंट जागोजागी गुठळ्या करून बसतं. अशा भिंतीचं पोट आलेलं असेल तर तो भाग टेकू देऊन उतरवावा आणि आरपार दगड घालून परत बांधावा.

## ७. मजले आणि छप्पर भिंतींना जोडा

कडीपाटाची सरं (फळ्यांखालची आडवी लाकडं) भिंतीत नुसती टेकलेली असतात. धक्क्याने भिंत बाहेर गेली की सराचं टोक सुटतं आणि माडी खाली येते. दर दुसऱ्या-तिसऱ्या सराला लोखंडी पट्टी बोल्टने जोडा, ती भिंतीच्या आरपार नेऊन बाहेरून लोखंडी प्लेट आणि नटाने धरा. सरांना समांतर असलेल्या भिंतीही विसरू नका. त्यांना जोडायला दोन-तीन सरांवरून आडव्या पट्ट्या न्याव्या लागतात. नेमकी हीच भिंत बहुतेक कामांत सुटते.

मग मजल्याला त्याच्या पातळीत कडकपणा द्या: सरांच्या वरून तिरक्या फळ्या किंवा खालून फुलीच्या आकारात लोखंडी पट्ट्या. कौलारू छपरात समोरासमोरच्या वाशांचे पाय आडव्या बंधनाने जोडा, नाहीतर वासे भिंतींना सतत बाहेर ढकलत राहतात. उतरत्या पाख्यातही फुली हवी. दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींचा शेंडा छपराला बांधलेला हवा.

सुटलेल्या कोपऱ्यांना समोरासमोरच्या भिंतींमधून टाय रॉड (दोन्ही भिंतींना धरणारी लोखंडी सळई) घेता येतो. नट हाताने घट्ट, मग पान्याने थोडा. मातीच्या भिंतीवर जास्त आवळला तर प्लेटच आत घुसते.

तपासा: प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींवर बोट ठेवून विचारा, "ही वरती कशाला बांधली आहे?" एका भिंतीचंही उत्तर मिळालं नाही तर हा टप्पा अपुरा आहे.

## ८. भूकंपपट्टा

घराला कंबरपट्ट्यासारखा सलग पट्टा: एक दारं-खिडक्यांच्या लिंटेलच्या (वरच्या आडव्या तुळईच्या) लगेच वर, एक मजल्याच्या किंवा छपराच्या लगेच खाली. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून. पट्टा साधारण २५ ते ३० सेंटिमीटर उंच. जाळीच्या तारा किती जाड आणि किती, हे खोलीच्या लांबीवरून इंजिनियर ठरवतो.

गिलावा काढा. सांधे १२ ते १५ मिलिमीटर खोल खरवडा. ब्रशने साफ करून भिंत ओली करा, सिमेंटचं पाणी मारा आणि १:३ (सिमेंट:जाड वाळू) मालाचा १५ मिलिमीटरचा पहिला थर द्या. तो ओला असतानाच गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी लावून १५ सेंटिमीटरचे खिळे ३० सेंटिमीटरवर ठोका आणि जाळी त्यांना तारेने बांधा. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, तिथे आतली आणि बाहेरची जाळी आरपार सळईने एकमेकींना बांधा. मग दुसरा थर. जाळी जिथे जोडावी लागेल तिथे ३० सेंटिमीटरचा एकावर एक पदर. कोपऱ्यावर कधीच तोडू नका, वळवून पुढे न्या.

चुका याच ठिकाणी सगळ्यात जास्त. पाण्याच्या पाइपसाठी पट्टा तोडणं, जिन्याजवळ तो सोडून देणं, समोरची बाजू "देखणी आहे" म्हणून फक्त आतून करणं. सलग नसलेला पट्टा म्हणजे बक्कल नसलेला पट्टा. कमीत कमी १४ दिवस पाणी मारा, उन्हाळ्यात पोती बांधून ओली ठेवा.

सावधान: मातीच्या भिंतीला पट्ट्याबाहेर सगळीकडे सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल बाहेर पडायचा रस्ता बंद होतो आणि माती आतल्या आत सुटते. उरलेल्या भागावर चुन्याचा गिलावा.

## ९. कोपरे आणि उघडी

कोपऱ्यांत आणि भिंतींच्या सांध्यांवर उभ्या सळया येतात. त्यांचं टोक जोत्याच्या खाली साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत काँक्रीटमध्ये रुजलेलं हवं आणि वर छताच्या पट्ट्यात गुंतलेलं. मजल्यावर तोडलेली उभी सळई काहीच करत नाही.

आयएस ४३२६ प्रमाणे झोन ३ मधल्या साध्या घरात दोन उघड्यांमधला भिंतीचा तुकडा ४५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद नसावा. लक्ष्मी रस्त्यासारख्या बाजारपेठेत तळमजल्याची समोरची भिंत शटरसाठी पूर्ण काढलेली असते आणि वर दोन मजल्यांच्या विटा उभ्या असतात. तिथे पट्टे-जाळी पुरत नाही. शटरभोवती पायापासून निघालेली लोखंडी किंवा आरसीसी चौकट लागते. नको असलेली खिडकी बुजवायची असेल तर नवी वीट जुन्या विटेत दात घालून गुंतवा. नुसती कडेला लावलेली भर पहिल्या धक्क्याला बाहेर येते.

दगडी भिंत दोन आडव्या भिंतींमध्ये ५ मीटरपेक्षा लांब असेल तर मध्ये आधारभिंत किंवा बाहेरून पुस्ता (भिंतीला टेकून बांधलेला आधार) द्यावा लागतो. दिवाणखाना मोठा करायला मधली भिंत काढलेली घरं अनेक आहेत. ती भिंत कोणत्या ओळीवर होती, जुन्या नकाशावर शोधा.

## १०. शेवटची कामं

विटांचे उंच कठडे सगळ्यात आधी रस्त्यावर पडतात. कमी करा किंवा मागून लोखंडी तिरक्या आधारांनी छपराला धरा. न्हाणीघरावरचे माळे, भिंतीवरची जड कपाटं, गॅस सिलिंडर, गच्चीवरच्या सोलरच्या टाक्या भिंतीला किंवा छताला पट्ट्यांनी बांधा. जिन्याच्या दगडी पायऱ्या भिंतीत एका बाजूनेच धरलेल्या असतील तर दुसऱ्या बाजूला आधार द्या.

आता गिलावा आणि रंग. त्याआधी प्रत्येक भोकाचा, प्रत्येक प्लेटचा आणि पट्ट्याच्या प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा, फोटोत भिंतीचा नंबर लिहिलेली पाटी दिसू द्या. एक प्रत इंजिनियरकडे, एक मालकाकडे. पुढे कुणी एसीचा पाइप काढायला भिंतीत छिन्नी घातली तर पट्टा कुठून जातो हे त्या फोटोंवरूनच सांगता येईल.

पहिल्या पावसाळ्यानंतर, सप्टेंबरअखेर, त्याच जुन्या भेगांच्या जागी पुन्हा काचेच्या पट्ट्या बघा. फुटलेल्या असतील तर गिलावेवाल्याला बोलवू नका, दुसऱ्या टप्प्यातला नकाशा काढून इंजिनियरला फोन करा.